हेमू अधिकारी: खेळाडू, कर्णधार आणि व्यवस्थापक

भारतीय क्रिकेट संघाने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी मालिका १९७१ साली जिंकली. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच इंग्लंडमध्ये भारताचा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला आणि संघ तिन्ही सामने हरून परतला. या दोन्ही दौऱ्यांवर संघाचे व्यवस्थापक एकच होते, लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र तथा हेमू अधिकारी. पुण्यात जन्मलेले, बडोद्याकडून खेळलेले आणि सैन्यात कारकीर्द घडवलेले अधिकारी आज प्रामुख्याने १९७१ च्या विजयासाठी स्मरले जातात. मात्र भारतीय क्रिकेटमध्ये व्यवस्थापक या पदाचा अर्थ कसा बदलत गेला, हे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते.

विशेष म्हणजे या कारकिर्दीतील दोन महत्त्वाची वळणे मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहराशी जोडलेली आहेत. एकदा येथे त्यांची संधी दुसऱ्याकडे गेली. दुसऱ्यांदा येथेच उद्भवलेल्या वादातून देशाचे नेतृत्व त्यांच्याकडे चालून आले.

युद्धाने हिरावलेली वर्षे

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. १९३६-३७ च्या मोसमात, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी त्यांनी गुजरातकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्यानंतर ते बडोद्याकडून खेळू लागले. पुढे विजय हजारे यांच्यासारखा फलंदाज त्याच संघात त्यांचा सहकारी होता. उजव्या हाताने फलंदाजी, गरजेपुरती लेगस्पिन गोलंदाजी आणि कव्हरमधील चपळ क्षेत्ररक्षण ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होती. भारतीय संघाचे क्षेत्ररक्षण तेव्हा टीकेचा विषय असे. अशा संघात अधिकारी यांची चपळाई उठून दिसे.

परंतु ऐन उमेदीच्या काळात दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर १९४६ पर्यंत भारताला एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. अधिकारी सैन्यात दाखल झाले. कसोटीचे दार त्यांच्यासाठी उघडले ते नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिस्बेन येथे. तेव्हा त्यांचे वय २८ होते.

समोर डॉन ब्रॅडमन यांचा ऑस्ट्रेलियन संघ होता. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत संपले. मालिका भारताने ०-४ अशी गमावली. या पडझडीतही ॲडलेड कसोटीत हजारे यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल यांचा मारा ऐन भरात असताना हजारे यांना साथ देत अधिकारी यांनी ५१ धावा केल्या. इतर फलंदाज बाद होत असताना एक बाजू लावून धरणारा खेळाडू, अशी त्यांची ओळख तेथून तयार होऊ लागली.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर स्वतंत्र भारताच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजने पहिल्या डावात ६३१ धावांचा डोंगर उभारला. उत्तरादाखल भारताने ४५४ धावा केल्या. त्यात अधिकारी यांचा वाटा नाबाद ११४ धावांचा होता. भारताला फॉलोऑन मिळाला, तरी सामना अनिर्णित राहिला. अधिकारी यांच्या कसोटी कारकिर्दीतील हे एकमेव शतक ठरले.

चेपॉकवरील हुकलेली संधी

फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील शेवटचा सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर होणार होता. भारताने कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण करून वीस वर्षे होत आली होती, पण विजयाची पाटी कोरीच होती. अधिकारी संघात होते. मात्र सामना सुरू होण्यापूर्वी त्यांच्या मनगटाला दुखापत झाली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांच्या जागी संघाबाहेर ठेवलेल्या पॉली उमरीगर यांना ऐन वेळी बोलावण्यात आले.

त्या सामन्यात विनू मांकड यांनी १२ बळी टिपले, पंकज रॉय यांनी शतक ठोकले आणि उमरीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. भारताने एक डाव आणि ८ धावांनी सामना जिंकला. हा भारताचा पहिला कसोटी विजय होता. उमरीगर यांची कारकीर्द त्या खेळीने मार्गी लागली. अधिकारी मात्र त्या ऐतिहासिक अकरा जणांत नव्हते.

त्यांनी ही उणीव त्याच वर्षी बऱ्याच अंशी भरून काढली. ऑक्टोबर १९५२ मध्ये पाकिस्तानचा संघ आपला पहिलाच कसोटी सामना खेळण्यासाठी दिल्लीत उतरला. भारताचे नऊ गडी बाद झाल्यावर अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भागीदारी केली. अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले, तर गोलंदाज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुलाम अहमद यांनी ५० धावा केल्या. भारताने एक डाव आणि ७० धावांनी विजय मिळवला. शेवटच्या गड्यासाठीचा हा भारतीय विक्रम अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. डिसेंबर २००४ मध्ये ढाका येथे सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ धावांची भागीदारी करून तो मोडला.

मद्रासमधील वाद आणि चौथा कर्णधार

त्यानंतरच्या काळात अधिकारी यांचे नाव सेनादलाच्या संघाशी अधिक जोडले गेले. त्यांच्या काळात सेनादलाने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. मोठ्या शहरांतील क्लब क्रिकेटचे पाठबळ नसलेल्या संघासाठी ही कामगिरी असाधारण होती. उत्तम तंदुरुस्ती, काटेकोर सराव आणि चपळ क्षेत्ररक्षण यांच्या बळावर तारांकित खेळाडू नसलेला संघही कुठवर मजल मारू शकतो, याचा हा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांच्या भन्नाट वेगापुढे भारतीय फलंदाजी कोलमडत होती. त्याच वेळी कर्णधारपदाचा खेळखंडोबा सुरू झाला. पहिल्या कसोटीत उमरीगर कर्णधार होते. पुढच्या दोन सामन्यांत गुलाम अहमद यांनी नेतृत्व केले. चौथ्या कसोटीसाठी, जानेवारी १९५९ मध्ये मद्रास येथे, पुन्हा उमरीगर यांची निवड झाली. त्या काळात मद्रासचे कसोटी सामने चेपॉकऐवजी कॉर्पोरेशन स्टेडियमवर होत. हेच मैदान आज जवाहरलाल नेहरू स्टेडियम या नावाने आणि मुख्यत्वे फुटबॉलसाठी ओळखले जाते.

सामन्याच्या आदल्या रात्री वाद पेटला. जखमी विजय मांजरेकर यांच्या जागी उमरीगर यांना मनोहर हर्डीकर हा फलंदाज हवा होता, तर क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांचा आग्रह ऑफस्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता. संघनिवडीत कर्णधाराचे मत चालणार नसेल तर नेतृत्व नको, अशी भूमिका घेऊन उमरीगर यांनी कर्णधारपदाचा राजीनामा दिला. विनू मांकड यांच्याकडे धुरा सोपवण्यात आली आणि भारताने तो सामना २९५ धावांनी गमावला.

पाचव्या कसोटीसाठी निवड समितीने अधिकारी यांना पाचारण केले. एकाच मालिकेतील ते भारताचे चौथे कर्णधार होते. त्यांचे वय ३९ होते आणि नियमित कसोटी क्रिकेटपासून ते दूर गेले होते. दिल्लीतील त्या सामन्यात त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, शिवाय लेगस्पिनच्या जोरावर तीन बळी मिळवले. युवा चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावांच्या खेळी केल्या. सलग पराभवांनी खचलेल्या संघाने सामना अनिर्णित राखला.

तो अधिकारी यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. २१ कसोटींत ३१.१४ च्या सरासरीने ८७२ धावा, एक शतक आणि चार अर्धशतके अशी त्यांची कसोटी आकडेवारी आहे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी आठ हजारांहून अधिक धावा केल्या. केवळ एका सामन्याच्या नेतृत्वातून त्यांना एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. संघाच्या यशापयशाची जबाबदारी एकाकडे आणि निवडीचे अधिकार दुसऱ्याकडे, ही ती गोष्ट होय. पुढे व्यवस्थापक म्हणून त्यांच्या वाट्याला हीच परिस्थिती आली.

व्यवस्थापक म्हणजे कोण?

फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि निकालाला जबाबदार असणारा माणूस. ही कल्पना इंग्लंडमध्येही सहजासहजी रुजली नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची निवड दीर्घकाळ एक समिती करत असे. अधिकारी यांच्याच पिढीतील, जानेवारी १९२० मध्ये जन्मलेले आणि तरुणपणी महायुद्धात सैन्यात गेलेले माजी खेळाडू आल्फ रॅम्से यांनी १९६३ मध्ये व्यवस्थापकपद स्वीकारताना निवडीचे संपूर्ण अधिकार मागून घेतले. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, त्यांनी इंग्लंडला विश्वचषक जिंकून दिला.

भारतीय क्रिकेटमध्ये मात्र व्यवस्थापक हे पद निराळे होते. संघ निवड समितीचा, मैदानावरील निर्णय कर्णधाराचे आणि व्यवस्थापकाकडे प्रवास, हिशेब, समारंभ व पत्रव्यवहार, अशी कामाची विभागणी असे. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर ही जबाबदारी क्रीडा प्रशासक पंकज गुप्ता यांच्याकडे, तर १९५९ च्या दौऱ्यावर बडोद्याचे महाराज फत्तेसिंहराव गायकवाड यांच्याकडे होती. खेळाडूंच्या सरावात व्यवस्थापकाने लक्ष घालावे, अशी अपेक्षाच नसे.

निवृत्तीनंतर अधिकारी प्रशिक्षणाकडे वळले होते. तरुण खेळाडूंच्या शिबिरांत त्यांनी शिस्त आणि क्षेत्ररक्षण यांवर भर दिला. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाबरोबर इंग्लंडला जाण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी व्यवस्थापकाच्या कामाला प्रशिक्षकाच्या कामाची जोड दिली. हिशेबाच्या वहीइतकेच महत्त्व सरावाच्या मैदानाला आले.

ओव्हलवरील गणेश चतुर्थी

भारतीय संघ त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकून इंग्लंडमध्ये पोहोचला होता. चेन्नईचे एस. वेंकटराघवन उपकर्णधार होते. इंग्लंडचा संघ त्या वेळी सलग २६ कसोटींत अपराजित होता. लॉर्ड्सवरील पहिल्या सामन्यात भारताला विजयासाठी १८३ धावा हव्या होत्या. ८ बाद १४५ अशी उत्कंठावर्धक अवस्था असताना पावसाने खेळ थांबवला. मँचेस्टरच्या दुसऱ्या सामन्यात पाऊस भारताच्या मदतीला धावला.

निर्णायक सामना लंडनच्या ओव्हल मैदानावर झाला. पहिल्या डावात इंग्लंडला ७१ धावांची आघाडी मिळाली. मात्र दुसऱ्या डावात भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत गडगडला. या यशात फलंदाजाजवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांचाही मोठा वाटा होता. वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर एकनाथ सोलकर यांनी पुढे झेपावत टिपलेला ॲलन नॉट यांचा झेल आजही त्या सामन्याची खूण मानला जातो. ज्या संघाचे क्षेत्ररक्षण एकेकाळी चेष्टेचा विषय होते, त्याच संघाने झेलांच्या बळावर सामना फिरवला. अधिकारी यांनी आग्रहाने करवून घेतलेल्या सरावाचे हे फळ होते.

अखेरच्या दिवशी, २४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेश चतुर्थी होती. लंडनमधील भारतीय पाठीराख्यांनी प्राणिसंग्रहालयातील एक हत्तीण मैदानावर आणली होती. वाडेकर लवकर धावबाद झाले, तरी दिलीप सरदेसाई, गुंडाप्पा विश्वनाथ आणि फारुख इंजिनियर यांनी डाव सावरला. आबिद अली यांच्या चौकाराने भारताने चार गडी राखून सामना आणि मालिका जिंकली. मायदेशी परतलेल्या संघाचे मुंबईत अभूतपूर्व स्वागत झाले.

४२ धावांचा उन्हाळा

१९७२-७३ मध्ये भारताने मायदेशातही इंग्लंडला हरवले. त्यामुळे १९७४ च्या इंग्लंड दौऱ्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. कर्णधार वाडेकर, उपकर्णधार वेंकटराघवन आणि व्यवस्थापक अधिकारी हे त्रिकूटही कायम होते. परंतु मोसमाच्या सुरुवातीचे थंड, ढगाळ हवामान स्विंग गोलंदाजीला पोषक होते आणि भारतीय फिरकी गोलंदाजांना बोटे गरम ठेवणेही अवघड जात होते.

पहिला सामना भारताने ११३ धावांनी गमावला. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा करून फॉलोऑन स्वीकारला. त्यानंतर २४ जून रोजी ख्रिस ओल्ड आणि जेफ अरनॉल्ड यांनी केवळ १७ षटकांत भारताचा दुसरा डाव ४२ धावांत गुंडाळला. जखमी चंद्रशेखर फलंदाजीला येऊ शकले नाहीत. बाकीचे फलंदाज एकामागोमाग परतत असताना सोलकर १८ धावांवर नाबाद राहिले. ही भारताची नीचांकी धावसंख्या ४६ वर्षे कायम राहिली. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेड येथे भारताचा डाव ३६ धावांवर थांबला, तेव्हा ती मागे पडली. बर्मिंगहॅमचा तिसरा सामनाही भारताने डावाने गमावला.

मैदानाबाहेरही संघाची नाचक्की झाली. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तांच्या स्वागत समारंभाला संघ उशिरा पोहोचला आणि त्याला माघारी फिरावे लागले. संघातील मतभेदांच्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकू लागल्या. शिस्तीचे भोक्ते म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थापकासाठी ही बाब पराभवाइतकीच क्लेशदायक होती.

दौऱ्यानंतर टीकेची झोड उठली. तीन वर्षांपूर्वी मुंबईने ज्यांना डोक्यावर घेतले होते, त्या वाडेकर यांना पश्चिम विभागाच्या संघातून वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. अधिकारी हेही टीकेतून सुटले नाहीत. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आल्फ रॅम्से यांनाही पदावरून दूर करण्यात आले. त्यांचा संघ विश्वचषकासाठी पात्र ठरू शकला नव्हता. रॅम्से यांनी स्वतः निवडलेल्या संघासह यश मिळवले आणि अपयशही पाहिले. अधिकारी यांनी मात्र दुसऱ्यांनी निवडलेल्या संघाच्या पराभवाची किंमत मोजली. १९५९ साली मद्रासमध्ये उमरीगर यांनी उपस्थित केलेला प्रश्न पंधरा वर्षांनंतरही अनुत्तरित होता.

त्यानंतरची वाट

अधिकारी यांनी क्रिकेटकडे पाठ फिरवली नाही. तरुणांच्या प्रशिक्षण शिबिरांतून ते पुढेही कार्यरत राहिले. पुढे भारताकडून खेळलेल्या अनेकांना त्यांच्या कडक तालमीचा अनुभव मिळाला. २५ ऑक्टोबर २००३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

तोपर्यंत त्यांनी सांभाळलेल्या पदाचे रूप पालटले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी भारतीय संघासाठी क्रिकेट व्यवस्थापक हे स्वतंत्र पद निर्माण झाले. प्रवास आणि हिशेब एकाकडे, तर खेळाची तयारी माजी खेळाडूकडे, अशी विभागणी झाली. १९९२ मध्ये या पदावर आलेले अजित वाडेकर हे १९७१ आणि १९७४ च्या दौऱ्यांवर अधिकारी यांचे कर्णधार होते. वाडेकर यांच्या देखरेखीखाली १९९३ मध्ये भारताने इंग्लंडचा मायदेशात ३-० असा धुव्वा उडवला. त्यातील दुसरा सामना चेन्नईच्या चेपॉकवर झाला. सचिन तेंडुलकर यांनी १६५ धावा केल्या आणि भारताने एक डाव व २२ धावांनी विजय मिळवला. याच मैदानावर एकेचाळीस वर्षांपूर्वी मनगटाच्या दुखापतीमुळे अधिकारी यांची पहिल्या कसोटी विजयात सहभागी होण्याची संधी हुकली होती.

२००० साली न्यूझीलंडचे जॉन राइट भारताचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. आज संघासोबत फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक असतात. १९७१ साली इंग्लंडमध्ये ही सारी कामे सेनादलातील एका निवृत्त फलंदाजाने हिशेबाची वही सांभाळत केली होती.